कोठडीतल्या माणसाला मत नसतं

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. माझा एक माजी विद्यार्थी आहे, वय 22, गॅरेजवर काम करतो. गेल्या महिन्यात मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला 'चौकशीसाठी' नेलं आणि दोन रात्री ठेवून घेतलं. परत आला तेव्हा त्याला जमिनीवर पाय टेकवत नव्हता. तळवे काळेनिळे पडले होते. आठवड्याभरात खरे चोर शेजारच्या जिल्ह्यात सापडले. मुलाची आई म्हणते, सोडलं हेच खूप, आता तक्रार नको.

शाळेत हा विषय काढला तर बहुतेकांचं म्हणणं एकच: मारल्याशिवाय कोण कबूल होतं? मला मात्र वेगळीच गोष्ट खाते आहे. आमचे आमदार मागच्या प्रचारात म्हणाले होते, 'गुंडांना असं फोडून काढू की पुन्हा उभे राहणार नाहीत.' त्या सभेत मी होतो. टाळ्या वाजवल्या, आणि मतही त्यांनाच दिलं. आता निवडणूक पुन्हा जवळ आली आहे आणि समोरचा उमेदवार तेच आणखी मोठ्या आवाजात बोलतो आहे. वर्गात मी 'मतदान हे कर्तव्य' असं शिकवतो, पण या वेळी जाऊच नये असं वाटतंय. निदान माझे हात तरी स्वच्छ राहतील. त्या मुलाच्या पायांना मी जबाबदार आहे का? आणि असेन, तर मत देऊन काय फरक पडणार आहे?

— एक शिक्षक

उत्तर

सर,

त्या मुलाला मारलं ते ठाण्यातल्या माणसांनी, आणि गुन्हा त्यांचा आहे. कबुली काढण्यासाठी कुणाला दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, दुखापत जबर असेल तर 10 वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेतही 330 आणि 331 ही कलमं याचसाठी होती, म्हणजे 1860 पासून हा आपल्याकडे लेखी गुन्हा आहे. तुम्ही सभेत टाळ्या वाजवल्या म्हणून मारणाऱ्यांचा दोष तुमच्याकडे येत नाही. तो ओढून घेऊ नका. त्यानं त्यांचीच सुटका होते.

जबाबदारी मात्र तुमची आहे, आणि माझीही. ते ठाणं आपल्या करातून चालतं. तिथल्या साहेबांची बदली आणि बढती आपण निवडून दिलेल्या सरकारच्या हातात असते. उद्या त्यांच्यावर खटला भरायचा झाला तर मंजुरीचा प्रश्न निघतो, आणि ती द्यायची की फाईल पडू द्यायची हेही तेच सरकार ठरवतं. म्हणून 'मी जबाबदार आहे का' हा तुमचा प्रश्न मला हळवेपणाचा वाटला नाही. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तो पडायलाच हवा.

तुमच्या सहकाऱ्यांचं वाक्य आधी घेते, कारण सगळं तिथून सुरू होतं. मारल्याशिवाय कोण कबूल होतं? पण पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या न्यायालयात पुरावा म्हणून चालतच नाही. 1872 च्या पुरावा कायद्यापासून हा नियम आहे, आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये तो तसाच आला आहे. इंग्रजांनासुद्धा माहीत होतं की ठाण्यातली कबुली कशी निघते. मग मारतात कशासाठी? याच कलमाला एक पळवाट आहे. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. याचाच मेमोरँडम पंचनामा होतो. 'मी लपवलेली गाडी काढून देतो, माझ्याबरोबर चला' अशा अर्थाचं निवेदन, खाली दोन पंचांच्या सह्या, मग जप्ती. मार असतो तो या जप्तीसाठी.

आता ज्याला गाडीचा पत्ताच नाही त्याच्यावर हे चाललं तर काय होतं, याचा विचार करा. मार थांबावा म्हणून तो काहीतरी सांगतो. बहुधा एखादं नाव सांगतो, आणि त्या घडीला त्याला आठवणारं नाव मित्राचंच असतं. दुसऱ्या रात्री तो मित्र ठाण्यात असतो. फौजदारी वकिली करताना अशा साखळ्या मी पाहिल्या आहेत. पहिल्याला उचलण्याचं कारण कागदावर सापडत नाही, आणि पुढचे सगळे पहिल्याच्या तोंडून आलेले असतात. तुमच्या गावात तो मुलगा दोन रात्री मार खात होता तेव्हा खरे चोर बाहेर मोकळे होते. मारण्यानं गुन्हे उघडकीस येतात असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: या गुन्ह्याच्या तपासात त्या दोन रात्रींचा उपयोग काय झाला?

पोलिसांची बाजूही सांगते, कारण तीही खरी आहे. लहान ठाण्यात तपासाला माणसं कमी असतात, त्यातली निम्मी बंदोबस्तात अडकतात. वरून डिटेक्शनचा, म्हणजे किती गुन्हे उघडकीस आणले याचा, आकडा मागितला जातो. आणि बाहेर आपण उभे असतो. चोरी झाली की मोर्चा नेतो, 24 तासांत आरोपी पकडा म्हणून निवेदन देतो. आमदार साहेबांना फोन करतात, साहेब हवालदाराला. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' हे वाक्य मी इतकी वर्षं वाचते आहे, आणि पोलिसांनी एका गुन्ह्याच्या तपासात दुसरा गुन्हा केला असा याचा अर्थ होतो, हे बातमी लिहिणाऱ्याला जाणवत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. अशा वातावरणात ज्या फौजदाराला सरळ तपास करायचा आहे तो एकटा पडतो. असे अधिकारी आहेत. त्यांना आपल्या पाठिंब्याची गरज आहे आणि आपण टाळ्या दुसऱ्यालाच देतो.

तळव्यांबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. तिथली कातडी जाड असते, सहज फाटत नाही, रक्त निघत नाही. सूज काही दिवसांत उतरते, दुखणं मात्र आत राहतं. माणूस कोर्टात चपला घालून उभा राहतो आणि कुणाला काही दिसत नाही. रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' आरोपीच्या मागे तोच शिपाई उभा असतो ज्याच्याबरोबर त्याला परत जायचं आहे. आरोपी 'नाही' म्हणतो. तसं लिहिलं जातं आणि पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळतो. सरकारी दवाखान्यातल्या तपासणीतही बऱ्याचदा हेच होतं, फक्त विचारणारे डॉक्टर असतात.

तुमच्या विद्यार्थ्याला तर एवढंही मिळालं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 1996 ला डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट. यातलं बरंचसं पुढे कायद्यातही आलं. पण हे सगळं सुरू होतं अटक कागदावर आल्यानंतर. 'चौकशीसाठी' नेलेल्या माणसाची अटक दाखवलेलीच नसते. स्टेशन डायरीत नोंद नाही, मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा प्रश्न नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मधले 24 तास मोजायला कुणी सुरुवातच केलेली नाही. त्याच्या दोन रात्री सरकारच्या दप्तरी घडलेल्याच नाहीत. कधीकधी हे मृत्यूपर्यंत जातं. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीत मारहाणीनं मेला. सीआयडीच्या तपासातून समोर आलं ते असं की, पोलिसांनी त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि आरोपी पळून गेला अशी नोंद केली.

आता मताकडे येते.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 62(5) नुसार जो तुरुंगात आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला मतदान करता येत नाही. शिक्षा झालेली असो वा नसो. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा. आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. मतदानाच्या दिवशी ते आत असतील तर त्यांचं मत नाही. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये वैध ठरवली. याच कलमाची दुसरी बाजूही बघा. जो मत देऊ शकत नाही तो निवडणूक कसा लढवेल, असं म्हणून जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोठडीतल्या माणसाला उमेदवारीही नाकारली, तेव्हा संसदेनं त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून तो निकाल पुसून टाकला. म्हणजे आज कोठडीतून निवडणूक लढवता येते, मत देता येत नाही.

कोठडीत मार खाणारा माणूस यादीतून त्या दिवसापुरता वजा असतो. त्याची आई घाबरलेली असते, ती गप्प बसते. मारणाऱ्यांच्या बाजूनं टाळ्या वाजवणारे सगळे मात्र रांगेत असतात. अशा वेळी ज्यानं ते तळवे आपल्या डोळ्यांनी पाहिले, असा एखादा मतदार घरी बसला तर मोजणीत कोण उरलं? तुम्ही घरी बसून हात स्वच्छ ठेवाल, पण त्या मुलाच्या वाटेचं जे एक मत होतं तेही जाईल. माझा तुम्हाला सल्ला आहे की मतदानाला जा. आणि आधी काही काम करून जा.

'फरक काय पडणार' याचं उत्तर मोघम देऊन चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी छळाविरुद्धचा करार 1984 मध्ये स्वीकारला. भारतानं त्यावर सही केली 14 ऑक्टोबर 1997 ला. सही म्हणजे इरादा. त्याला पक्की मान्यता आपण अजून दिलेली नाही, कारण त्यासाठी देशात छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा आणि तो नाही. 2010 मध्ये विधेयक आलं, मे महिन्यात लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेनं ते प्रवर समितीकडे पाठवलं. समितीनं अहवाल दिला. पुढे काही झालं नाही आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर ते विधेयकही संपलं. 2017 मध्ये विधी आयोगानं 273 व्या अहवालात नवा मसुदा तयार करून दिला. त्याच आयोगानं 1985 मध्ये सुचवलं होतं की, कोठडीत असताना माणसाला जखम झाली तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ही एक ओळ कायद्यात आली असती तर रिमांड कोर्टातला तो प्रश्न आणि ते 'नाही' यांचा अर्थ बदलला असता. तीही आली नाही. कोठडीतून उमेदवारीचा प्रश्न आला तेव्हा तीच संसद किती लवकर हलली, ते वर लिहिलंच आहे.

छळविरोधी कायदा करायचा आदेश न्यायालयानं संसदेला द्यावा, अशी याचिका माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांनी केली. सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. कायदा करणं हे संसदेचं काम, न्यायालय तसा हुकूम देऊ शकत नाही, असं सांगितलं. निकाल मला आवडला नाही, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे: हा प्रश्न फिरून आपल्याच दारात आला आहे. संसदेत कोण बसतं ते आपण ठरवतो.

मताचा फरक किती दूर जातो, याची आपल्याच देशातली एक गोष्ट आहे. वर्गात सांगता येईल अशी आहे. 1 मार्च 1976 ला, आणीबाणीत, केरळातल्या कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा राजन नावाचा विद्यार्थी पोलिसांनी उचलला. त्याला कक्कयमच्या पोलीस छावणीत नेलं. तिथे पकडलेल्या मुलांना बाकावर पालथं-उताणं बांधून मांड्यांवरून जड लाकडी मुसळ फिरवत असत. राजन परत आला नाही. त्याचा मृतदेहसुद्धा कधी सापडला नाही. वडील ईचर वारियर निवृत्त प्राध्यापक होते. ते मंत्र्यांकडे गेले, अधिकाऱ्यांकडे गेले, अर्ज केले. न्यायालयात जाण्यात अर्थ नव्हता, कारण आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 1976 मध्ये दिला होता.

मार्च 1977 मध्ये निवडणूक झाली. देशानं इंदिरा गांधींचं सरकार पाडलं आणि 21 मार्चला आणीबाणी उठली. त्याच महिन्यात वारियर केरळ उच्च न्यायालयात गेले: माझा मुलगा हजर करा. राजनला कधी ताब्यात घेतलंच नव्हतं, असं सरकारनं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. न्यायालयानं ते मानलं नाही. आणीबाणीत केरळचं गृहखातं सांभाळणारे के. करुणाकरन तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. त्यांना महिनाभरातच राजीनामा द्यावा लागला.

या गोष्टीतला एक अडचणीचा भाग मला लपवायचा नाही. त्या वेळी केरळच्या मतदारांनी विधानसभेला करुणाकरन यांच्याच आघाडीला भरघोस मतं देऊन निवडून आणलं होतं. वारियरांसाठी न्यायालयाचं दार उघडलं ते देशभरातल्या, बहुतांशी उत्तरेतल्या मतदारांनी. त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी राजनचं नाव ऐकलं असेल. आपलं मत कुणाच्या उपयोगी पडणार हे देताना माहीत नसतं. आणि निकाल लागल्यावर न्यायालयात जाणारा, पाठपुरावा करणारा बाप लागतोच.

बहुमत नेहमी शहाणं असतं असं मी म्हणत नाही. बिहारमधल्या भागलपूरला 1979-80 मध्ये पोलिसांनी तीसहून अधिक संशयितांचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतलं. ते उघड होऊन पोलिसांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा शहरातले लोक पोलिसांच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. त्यांना गुन्हेगारांचा जाच झालेला होता, हे खरं होतं. अशा गावात मतपेटी त्या आंधळ्या केलेल्या माणसांना काय देणार? तिथे सर्वोच्च न्यायालय कामाला आलं. गरीब आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हापासून सरकारी खर्चानं वकील मिळाला पाहिजे, हा निकाल त्याच प्रकरणातला आहे. म्हणून छळ करावा की नाही हा मतदानानं ठरवायचा विषय नाही. तो राज्यघटनेनं ठरवून टाकला आहे. जे ठरलं आहे ते कोण पाळायला लावणार, एवढंच आपल्याला मतानं ठरवायचं असतं.

तुमची अडचण अशी की दोघेही उमेदवार एकाच सुरात बोलतात. नोटा आहे, पण विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. मनाचं समाधान होतं, ठाण्यात काही बदलत नाही. मी नोटा वापरणाऱ्याला नावं ठेवत नाही, पण तुमच्यासाठी तो रस्ता मला अपुरा वाटतो. मत म्हणजे उमेदवाराच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. त्याच्या प्रत्येक वाक्याखाली तुमची सही होत नाही. कोणाला धारेवर धरता येईल, एवढं बघून मत द्यायचं असतं.

धारेवर धरायचं तर नेमकं विचारावं लागतं. 'तुमचा मानवाधिकारांवर विश्वास आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ठाण्याबद्दल विचारा. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला सांगितलं की, प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, आवाजासह, कोठडी आणि व्हरांडा धरून, आणि चित्रीकरण 18 महिने जपायला हवं. तुमच्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का? निवडून आल्यावर तुम्ही विधानसभेत हा प्रश्न विचाराल का? पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर प्राधिकरण असावं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं आज तक्रार कुठे करायची? आणि सर्वांत महत्त्वाचं: चोरी झाली की तुम्ही ठाण्यात फोन करून काय सांगणार? हा शेवटचा प्रश्न ऐकून उमेदवार चमकेल. पण तुमच्या विद्यार्थ्याचे पाय याच फोनला बांधलेले आहेत.

पोलीस हा राज्याचा विषय आहे, म्हणून हे प्रश्न विधानसभेच्या उमेदवाराला. छळविरोधी कायदा आणि कराराची मान्यता हा दिल्लीचा विषय, तो लोकसभेच्या वेळी. प्रश्न लेखी द्या, दोघांनाही द्या, दहा-वीस पालकांच्या सह्या घेऊन द्या. तुम्ही अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर कुणाचा प्रचार करू नका, शाळेचं नाव किंवा कागद वापरू नका. मतदार म्हणून सगळ्यांना सारखाच प्रश्न विचारणं म्हणजे प्रचार नाही, पण पत्र शक्यतो पालकांच्या नावानं जाऊ द्या. ज्याचा माणूस निदान उत्तर घेऊन येतो, त्याच्याकडे पुढची पाच वर्षं जाता येतं. दोघांनीही उत्तर दिलं नाही तर तेही सह्या करणाऱ्या वीस घरांना कळतं, आणि पाण्या-रस्त्यांवर ठरणारी वीस मतं थोडी तरी वेगळी पडतात. एका तालुक्याच्या गावात वीस घरं म्हणजे काय, हे उमेदवाराला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

'जाऊच नये' म्हणालात, पण शिक्षक असल्यानं त्या दिवशी बहुधा केंद्रावर तुमचीच ड्यूटी लागेल. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटाला शाई लागताना बघाल आणि तुमचं स्वतःचं मत राहून जाईल. अनेक शिक्षकांचं असंच होतं. प्रशिक्षणाच्या वेळी टपाली मतपत्रिकेचा नमुना 12 किंवा ड्यूटी प्रमाणपत्राचा नमुना 12 अ वेळेत भरा.

सहकाऱ्यांशी वाद घालत बसू नका. त्यांना त्या मुलाची हकिगत सांगा, नाव न सांगता, आणि खरे चोर कुठे सापडले ते सांगा. त्यांच्यापैकी कुणाचा मुलगा गॅरेजवर गाडी टाकतो, कुणाचा भाचा रात्री उशिरा घरी येतो. संशयावरून उचलायला एवढं पुरतं. ही जाणीव वादातून होत नाही, गोष्टीतून होते.

राहिला तो मुलगा. त्याच्या आईची भीती खोटी नाही. त्याला तिथेच राहायचं आहे, त्याच रस्त्यानं कामाला जायचं आहे. त्याच्या मनाविरुद्ध तक्रार करू नका. पण पुढे त्याचं मन झालं तर पुरावा हाताशी हवा, म्हणून काही गोष्टी लगेच करा. पायांचे फोटो काढलेले असतील तर जपा. महिना झाला असला तरी दुखत असेल तर जिल्हा रुग्णालयात दाखवा, एक्स-रे काढा, आणि कशामुळे दुखतं ते केस पेपरवर डॉक्टरांना लिहायला सांगा. तो कोणत्या तारखेला, किती वाजता नेला, कुणी पाहिलं, कधी सुटला, हे त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या आणि खाली तारीख घाला. तो तयार झाला तर पोलीस अधीक्षकांना आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला रजिस्टर पोस्टानं अर्ज करा, आणि त्यात त्या दोन रात्रींचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवा अशी मागणी स्पष्ट लिहा. 18 महिन्यांची मुदत कागदावर आहे, प्रत्यक्षात चित्रीकरण फार लवकर पुसलं जातं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला वकील फुकट मिळेल का, तेही विचारून घ्या.

आणि त्याचं नाव मतदार यादीत आहे का ते पाहा. या वयाच्या, कामासाठी फिरणाऱ्या मुलांची नावं बऱ्याचदा नसतात. नसेल तर नावनोंदणीचा नमुना 6 भरून द्या, उमेदवारी अर्जांची तारीख जाहीर व्हायच्या आत.